होडीबाहेर पाय

नौपाड्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी दक्षताची पोटरी दाबून पाहिली, पाऊल गोल फिरवून पाहिलं, तिला चवड्यांवर चालायला लावलं आणि मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "पायांना काहीही झालेलं नाही. करता काय तुम्ही?"

"पोहायला शिकवते."

"मग शिकवत राहा. माझ्याकडे कशाला वेळ घालवताय?"

दक्षता जिना उतरली ती जवळजवळ उड्या मारतच. कोपऱ्यावरच्या गाडीवर तिने उसाचा रस मागवला, आलं-लिंबू जास्त घालून, आणि पहिल्याच घोटाला तिच्या लक्षात आलं की एवढं खूश व्हायचं काही कारण नाही. पाय चांगले आहेत हे तिला आधीच ठाऊक होतं. समुद्रात उतरताना पोटरीत गोळा का येतो, तेही ठाऊक होतं. जगात ते एकाच माणसाला ठाऊक होतं आणि ते माणूस आत्ता रसाच्या गाडीला टेकून उभं होतं. डॉक्टरकडे ती गेली ती तिला डायव्हिंग शिकवणाऱ्या शिवानीच्या समाधानासाठी. एखादं बारीकसं दुखणं निघालं असतं तर खरं सांगायची वेळ टळली असती. पण पाय पडले नाखव्यांचे, ते कशाला असं दुखणं दाखवतील!

दक्षता म्हणजे चेंदणी कोळीवाड्यातल्या गुणाजी नाखव्याची थोरली मुलगी. चाळिशी उलटलेली, अंगाने भरलेली, आवाज असा की पूलच्या एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाची बाई बुडायची थांबते. लग्न होऊन दिव्याला गेली. दिव्यात पाण्याची काय तऱ्हा आहे ते दिव्यातल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. घरात पिंपाचा तळ दिसायला लागला की सगळी इमारत टँकरची वाट बघत जिन्यात उभी, आणि ही बाई मात्र दिवसभर माजिवड्याच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या पूलमध्ये गळ्यापर्यंत पाण्यात. तिचा नवरा यज्ञेश डबा भरताना न चुकता म्हणायचा, "येताना दोन बादल्या घेऊन ये गं." तो विनोद तिने इतक्या वेळा ऐकला होता की आता ती नुसती "हो" म्हणायची.

बायकांची बॅच हा तिचा हातखंडा. पन्नाशीच्या, साठीच्या बायका यायच्या, कठड्याची दांडी धरून उभ्या राहायच्या आणि ती सोडायला तयार नसायच्या. दक्षता त्यांच्या बोटांवरून हळूच हात फिरवायची आणि दांडी कधी सुटली हे त्या बाईलाही कळायचं नाही. याच पूलमध्ये दर रविवारी स्कूबा डायव्हिंगचा एक क्लास चालायचा. त्यात शिकवणारी शिवानी, डोंबिवलीची, तिशीतली, कामाला वाघ. तिने दक्षताचं हे दांडी सोडवणं पाहिलं आणि दुसऱ्याच रविवारी गाठलं. "ताई, आमच्याकडे बायका चौकशी करतात आणि घाबरून परत जातात. तू ये ना आमच्यात. फक्त डायव्हिंगचं सर्टिफिकेट लागेल. मी करून घेते."

दक्षताने हो म्हणायला क्षणाचाही वेळ लावला नाही. नोकरी बरी होती, हे कारण तिने यज्ञेशला सांगितलं. दुसरं कारण कुणालाच सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं वाटतच नव्हतं. तिच्या माहेरच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या पाण्यावर काढल्या होत्या. पण खाडीचं पाणी असं गढूळ की गुडघ्यापर्यंत उतरलं तर आपलंच पाऊल दिसत नाही. पाण्याच्या पोटात काय चाललंय ते आजोबाने पाहिलं नाही, बापाने पाहिलं नाही. जाळ्यात वर आलं तेवढंच त्यांनी पाहिलं. दक्षताला ते खाली जाऊन, उघड्या डोळ्यांनी पाहायचं होतं. लहानपणापासून पाहायचं होतं.

पुस्तकी भाग झाला, पूलमधला सराव झाला, त्यात ती सगळ्यांच्या पुढे. उरल्या फक्त समुद्रातल्या बुड्या, त्या मालवणला. आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

पहिल्या खेपेला शिवानी बरोबर नव्हती, क्लासचा दुसरा मास्तर होता. बोटीत सगळे शिकाऊ ओळीने बसले, पाठीला सिलिंडर बांधले, पायात फिन्स चढवले. फिन्स म्हणजे पायाला लावायचे ते रबरी पंख, बदकाच्या पायासारखे. दक्षता फिन्स हातात घेऊन बसून राहिली. "मी पाण्यात घालते," म्हणाली, आणि मास्तर नको-नको म्हणेपर्यंत तिने उडी टाकलीसुद्धा. क्लासचे फिन्स बुटासारखे, टाच बंद असलेले. ओला पाय त्यात शिरेना. लाटा वर-खाली करतायत, खारं पाणी तोंडात जातंय, एका हाताने दोर धरलाय आणि दुसऱ्या हाताने ती रबराशी कुस्ती खेळतेय. फिन निसटू नये म्हणून तिने पायाची बोटं आत घट्ट आवळली आणि पोटरीत नारळाएवढा गोळा आला. तिला वर काढावं लागलं. दुसऱ्या खेपेला तर एक फिन हातातून सुटून लाटेबरोबर निघून गेला, आणि दुसऱ्या पायात पुन्हा गोळा. दोन्ही वेळा बाकीचे खाली जाऊन आले आणि ही बोटीत टॉवेल गुंडाळून बसली. मास्तरने ठाण्याला येऊन सांगितलं, बाई पोहते छान पण पोटऱ्या कमजोर आहेत, वय झालं. दक्षताने मान डोलावली. दुसरं काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

खरं कारण असं होतं की गुणाजी नाखव्याच्या मुलीला होडीत पायातलं घालता येत नव्हतं.

कोळ्याच्या होडीत वहाणा घालून कुणी चढत नाही. ती घरची लक्ष्मी, तिच्यावर पोट चालतं, तिला नारळ फोडायचा, कुंकू लावायचं आणि तिच्यावर अनवाणी चढायचं. दक्षता आठ-नऊ वर्षांची असताना गणपतीत घेतलेल्या नव्या सँडल घालून बापाच्या होडीत टुणकन उडी मारून चढली होती. गुणाजीने तिला एक शब्द सुनावला नाही. उचलून खाली ठेवलं, जिथे ती उभी होती ती फळी खाडीच्या पाण्याने धुतली, आणि त्या दिवशी होडी बाहेर काढलीच नाही. चार थोबाडीत बसल्या असत्या तर ती संध्याकाळपर्यंत विसरली असती. घरात त्या दिवशी कालवण झालं नाही हे मात्र तिच्या लक्षात राहिलं ते राहिलंच.

आता फिन म्हणजे काही वहाण नव्हे, हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिने स्वतःशी पुष्कळ वाद घातला. ते घालून कुणी रस्त्याने चालत नाही. ते पाण्यासाठीच आहे. मालवणची ती बोट फायबरची आहे, तिच्यावर पर्यटक बूट घालून नाचतात, वेफर्सची पाकिटं टाकतात. डोक्याला सगळं पटायचं. पण बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रोजचं ताजं कुंकू आणि अबोलीचा गजरा दिसला की फिनमध्ये पाय जायलाच तयार व्हायचा नाही. आणि हे सांगायचं कुणाला? शिवानीला? ती पाण्याचा दाब, फुप्फुसातली हवा, असलं बोलणारी मुलगी. म्हणेल, ताई, तू कुठल्या जमान्यात आहेस? पूलमधल्या बायकांच्या कानावर गेलं तर मग विचारायलाच नको.

मे महिना अर्ध्यावर आला होता. पावसाळ्यात समुद्र बंद, त्यामुळे मोसमाची शेवटची फेरी तेवढी राहिली होती. क्लासच्या मालकांनी शिवानीला स्पष्ट सांगितलं होतं, या वेळी झालं नाही तर दुसरी बाई बघू.

"डॉक्टर म्हणाले ना पाय चांगले आहेत? मग फिन्स बदलू," शिवानी म्हणाली आणि तिला धनेशच्या दुकानात घेऊन गेली.

धनेशचं दुकान नौपाड्यातच, पहिल्या मजल्यावर. पुढे कॅरमबोर्ड आणि शाळेच्या बक्षिसांचे कप, मागे पोहण्याचं आणि डायव्हिंगचं सामान. धनेश स्वतः कमरेच्या वर कधी पाण्यात गेलेला नाही, पण बोलायला लागला की वाटावं हा माणूस देवमाशाच्या घरी जेवून आलाय.

"हे बघा मॅडम, हे लांबडे. एक लाथ मारली की बिल्डिंगएवढं अंतर. क्लास आयटम आहे."

"मला बिल्डिंगएवढं जायचं नाहीये," दक्षता म्हणाली.

"मग हे. मध्ये चिरलेले. पाणी मधून निघून जातं, पायाला लोडच नाही. गुडघेदुखीवाले हेच नेतात. मस्त एकदम. लोणी!"

"आणि ते?" तिने कोपऱ्यातल्या काळ्या जोडीकडे बोट दाखवलं. आखूड, जाड, दिसायला अगदी ठोंब्या. टाच उघडी, टाचेमागे स्प्रिंगचा पट्टा आणि पट्ट्याला बोट अडकवायला एक कडी.

"ते जड पडेल तुम्हाला. उघड्या पायावर बसतं, घालायला इझी आहे, पण कडक आहे. पोटरीचा जीव काढतं."

शिवानीचा कौल चिरलेल्यांना पडला. पोटरी कमजोर, म्हणून मऊ फिन, सरळ हिशेब. तरी धनेश जुना ओळखीचा असल्यामुळे तिने तिन्ही जोड्या एका दिवसासाठी मागून घेतल्या.

रविवारी क्लास आटोपल्यावर दोघी पूलमध्ये राहिल्या. दक्षताने चिरलेले फिन्स घातले आणि एका दमात चार फेऱ्या मारल्या. धनेश खोटं बोलला नव्हता, लोणीच. मग लांबडे घातले. मग ते काढून ठोंबे घातले. ती नुसती पोहत सुटली होती. पाण्यात असली की तिला बरं वाटायचं आणि पूलला काही कुंकू लावलेलं नव्हतं.

शिवानी काठावर बसून पाहत होती. दक्षता काठाला आली तशी तिने विचारलं, "ताई, एक सांग. तिन्ही जोड्यांनी तू इतकी फिरलीस, ह्या कडक फिनने पण. गोळा आला?"

"नाही."

"ह्या पूलमध्ये तुला आजपर्यंत कधी गोळा आलाय?"

दक्षता तोंडावर पाणी मारू लागली.

"मग बोटीवर गेल्यावरच कसा येतो? काय आहे नक्की? समुद्राची भीती वाटते का? वाटत असली तर सांग, त्यात लाज कसली?"

समुद्राची भीती! कोळ्याच्या मुलीला! एवढं मात्र दक्षताला सोसलं नाही. दुसरं काहीही ऐकून घेतलं असतं. ती पाण्यातून वर आली, शिवानीच्या शेजारी पाय पाण्यात सोडून बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. सँडल, फळी, अबोलीचा गजरा, सगळं. सांगताना नजर समोरच्या फरशीवर.

शिवानी हसली नाही. ती भडकली.

"दोन ट्रिपा वाया घालवल्यास आणि मला आत्ता सांगतेस? मी तुला हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं! तू गेलीसपण! वेडी आहेस का गं?"

दक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते वाईट वाटून नव्हे. तिला हसण्याची धास्ती होती. रागावणं तिला चालत होतं. रागावणारा माणूस समोरच्याचं म्हणणं खरं धरतो, तेव्हाच रागावतो. तिचा जीव भांड्यात पडला.

"तुला येडपटपणा नाही वाटत?" तिने विचारलं.

"माझे बाबा रोज सकाळी स्कूटरच्या पाया पडतात आणि मगच किक मारतात. तीस वर्षं. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मी कोणाला येडपट म्हणू?" शिवानीने केस पिळले आणि एकदम उठून उभी राहिली. "पण मग आपण फिन्स चुकीच्या गोष्टीसाठी निवडतोय. पोटरीचा विषयच नाहीये. विषय असा आहे की बोटीला न लावता फिन घालता आला पाहिजे. उलटं बसायचं. तोंड समुद्राकडे, पाय बोटीच्या बाहेर. एक हात बोटीच्या खांबाला, कारण पाठीवर सिलिंडर असणार, तोल जाईल. राहिला एक हात. एका हाताने घालता येईल तो फिन तुझा. चल, बस."

खोल बाजूचा काठ म्हणजे बोट, शिडीची दांडी म्हणजे खांब. पाठीला सिलिंडर. शिवानीने एकेक जोडी हातात द्यायची आणि दक्षताने उजव्या हाताने घालून दाखवायची. लांबडा फिन पायापर्यंत नेईतो त्याचं टोक पाण्यात जाऊन वळायचं, शिवाय टाच बंद. तो बाद. चिरलेला फिन पायात गेला, पण त्याच्या मागचा पट्टा बकलाचा, आवळायला दुसरा हात हवा. न आवळता उतरलं तर पहिल्या लाटेत गेलाच. मग ठोंब्या. दक्षताने पाऊल आत सरकवलं, कडीत बोट घातलं, ओढलं आणि सोडलं. टक्. टाचेवर पट्टा बसला. दुसरा पाय. टक्.

"परत कर," शिवानी म्हणाली.

टक्. टक्.

दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. पण शिवानी कामाची मुलगी, हसता हसताच तिने बजावलं, "ताई, नीट ऐक. हा कडक आहे. पूल वेगळा, समुद्राची ओढ वेगळी. चिरलेल्या फिनने तू आरामात गेली असतीस. ह्याने पाय दमतील, आणि खरंच गोळा आला तर मी वर आणणार, बोलणी खायची मग."

एकीकडे पायाला सोपं, दुसरीकडे मनाला सोपं. दक्षताने चिरलेले फिन्स उचलून धनेशच्या पिशवीत टाकले. "पाय दमले तर रात्री यज्ञेशकडून चेपून घेईन," ती म्हणाली. "मनाला कोण चेपणार?"

त्यानंतर रोज बायकांची बॅच सुटली की ती ते ठोंबे घालून फेऱ्या मारायची. पोटऱ्या भरून यायच्या, रिक्षात चढताना "आई गं" निघायचं. बायका कपडे बदलायचं सोडून काठावर उभ्या राहून बघायच्या आणि एक जण तर रोज घरून राजगिऱ्याचे लाडू आणायची, पोटरीला ताकद म्हणून.

एवढं होऊनही एक काटा उरला होताच. निघायच्या आदल्या दिवशी ती फिन्स पिशवीत घालून कोळीवाड्यात बापाकडे गेली. गुणाजीची होडी विकून बरीच वर्षं झाली होती. म्हातारा ओट्यावर बसून सुकट निवडत होता. दक्षताने त्याच्यासमोर फिन्स ठेवले, काय आहे, कसं घालायचं, कशाला, सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाबा, ही वहाण की नाय?"

गुणाजीने फिन हातात घेतला, वाकवून पाहिला, वास घेतला. "मना काय म्हाईत? माज्या होरीन मी ही येव दिली नसती."

दक्षताचा चेहरा उतरला.

"पन ती होरी माजी हाय का?" म्हातारा पुढे म्हणाला. "लोकांच्या होरीवर आपला हुकूम कसा चालंल? ज्याची होरी त्याला इचार. तो बोलंल तसा कर." मग पुन्हा सुकटीत हात घालून, वर न बघता, "भायेर पाय सोरून घालतंस त्ये बेस हाय. पोरगी शानी झाली."

इतक्या वर्षांत गुणाजीने तिला शहाणी म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. दिव्याला जाईपर्यंत लोकलमध्ये पिशवी मांडीवर धरून ती आपली आपल्याशीच हसत होती. समोरच्या बाईने जरा सरकून घेतलं.

मालवणला या खेपेला शिवानी स्वतः आली. बोट तीच, बोटीचा मालक तोच, बाबल. साठीचा, वाळून खडंग झालेला, कुणाशी फारसं न बोलणारा माणूस. दोन्ही खेपांना दक्षताला काखेत धरून वर ओढून घेणारा हाच. किनाऱ्यावर सगळे सामान चढवत असताना ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, तुमच्या बोटीत पायात हे घातलेलं चालतं तुम्हाला?"

बाबलने तिच्या हातातल्या फिन्सकडे पाहिलं. "घाला गे बाय. सगळेच घालतत. बूट घालून चढतत. सांगान सांगान माजी जीभ झिजली, आता सांगूचा सोडलंय."

"मी पाय भायेर सोडून घालीन. चालेल?"

तो थांबला. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, मग तिच्या अनवाणी पायांकडे. "खयच्या तुमी?"

"ठाण्याच्या. चेंदणी कोळीवाडा. बाबांची होडी होती."

बाबल "हां" म्हणाला आणि नांगर उचलायला गेला. एवढंच. पण बोट किल्ल्याच्या बाजूला नेऊन उभी करताना त्याने ती नेहमीपेक्षा आडवी धरली, दक्षता बसली होती ती बाजू लाटेपासून आडोशाला येईल अशी. शिवानीच्या हे लक्षात आलं. दक्षताच्या आलं नाही, ती तेव्हा फिन्सची पिशवी छातीशी धरून श्वास मोजत होती.

बाकीचे तिघे बोटीतच फिन्स चढवून पाठीवर उलटे पडले, धपाक, धपाक. मग तिची पाळी. ती वळून बसली. तोंड समुद्राकडे, पाय बाहेर, डावा हात छपराच्या खांबाला. पाठीवरचं सिलिंडर मागे ओढत होतं. शिवानी पाण्यात तिच्या पायांशी येऊन थांबली, पण हात लावला नाही. उजवा फिन. पाऊल सरकलं, कडीत बोट, टक्. हात बदलला. डावा फिन. लाट आली, पाय हेलकावला, कडी बोटातून निसटली. पायाची बोटं आपोआप आवळायला लागली आणि तिला ते कळलं, नेमकं तेच कळलं. तिने बोटं सोडली. पाय सैल सोडून दिला, लाट जाऊ दिली आणि पुन्हा कडी ओढली.

टक्.

दोन्ही हातांवर भार घेऊन, अंग वळवून ती पाण्यात उतरली. बोटीला फिनचं टोकही लागलं नाही.

खाली जाताना कानात दाबल्यासारखं झालं, शिकवल्याप्रमाणे नाक धरून तिने ते सोडवलं. मग तळ दिसला. तिचा आधी विश्वास बसेना की एवढ्या पाण्यातून तळ दिसतो. खडक, खडकावर जांभळट झुडपं, आणि त्या झुडपांतून एक तांबोशी बाहेर आली. तांबोशी तिने आयुष्यभर पाहिली होती. पाटीत, बर्फावर, डोळे वटारलेली. ही चालती-फिरती तांबोशी तिच्या मास्कच्या काचेसमोर येऊन उभी राहिली, कल्ले हलवत, जशी काही पत्ता विचारतेय. खडकाच्या कपारीत एक हेकरू मासा तोंड वासून बसला होता, अगदी ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. आपली माणसं ज्याच्या डोक्यावरून जन्मभर ये-जा करत राहिली ते हे. दक्षताला हसू येत होतं आणि तोंडात नळी असल्यामुळे हसता येत नव्हतं, त्यामुळे बुडबुडे मात्र भसाभस वर गेले.

काचेत पाणी घेऊन बाहेर काढायचं, नळी सोडून पुन्हा तोंडात घ्यायची, जोडीदाराची हवा घ्यायची, शिवानीने सगळं करून घेतलं. पोटऱ्या भरून आल्या होत्या, ठोंबे आपलं म्हणणं सोडत नव्हते. पण गोळा आला नाही. त्या दिवशीची दुसरी बुडी आणि दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही अशाच झाल्या. शेवटच्या बुडीत, तळाशी वाळूवर गुडघे टेकून बसलेल्या दक्षतासमोर शिवानीने हात पुढे केला. झालं. पास. पाण्याखाली हात हातात घेतला तेव्हा दक्षताला एकदम हलकं हलकं वाटलं. पाण्याने माणूस हलका होतोच, पण हे त्याच्यापलीकडचं होतं. किती महिने ती हे ओझं वागवत होती, ते उतरल्यावर कळलं.

वर आल्यावर शिडी चढायच्या आधी फिन्स काढून बोटीत द्यायचे असतात. एरवी बाबल ते घ्यायचा आणि मागे भिरकावून द्यायचा, डेकवर ढीग व्हायचा. दक्षताने शिडी धरली, कडीत बोट घालून एक काढला, दुसरा काढला. ते वर द्यायला तिचा हात थोडा अडखळला. ते ओले होते, गळत होते, आधीच्या तिन्ही बुड्यांनंतर तिने ते पाण्यातच पिशवीत घातले होते आणि या वेळी पिशवी बोटीत राहिली होती.

"आणा हडे," बाबल म्हणाला. त्याने फिन्स घेतले, वाकून बोटीच्या बाहेरच्या अंगाला बांधलेल्या एका नव्या दोरीत त्यांचे पट्टे ओवले आणि सोडून दिले. काळे ठोंबे फिन्स पाण्यावर लोंबकळत राहिले.

मागून दुसरा शिकाऊ आला. त्याचेही फिन्स बाबलने घेतले आणि त्याच दोरीला लावले. तिसऱ्याचेही. शिवानीचेही. डेकवर एकही फिन आला नाही. चौथा होता तो जरा चौकस, शिडीवरूनच म्हणाला, "अंकल, पडतील ना पाण्यात. आत ठेवा की."

"आत जागा नाय," बाबल म्हणाला.

बोट अर्धी रिकामी होती. शिवानीने दक्षताकडे पाहिलं. दक्षता अनवाणी, ओल्या पायांनी नाळेजवळ जाऊन बसली आणि तोंडाला टॉवेल लावून हसू लागली. हसता हसता तिला रडू आलं, आणि रडता रडताही तिचं हसू थांबेना.